उत्तेजन व चिंता, खेळातील

शरीर व मन यांची जागी, कार्यसज्ज अवस्था म्हणजे उत्तेजन. समोरचे आव्हान आवाक्याबाहेरचे वाटल्याने येणारी अस्वस्थता म्हणजे चिंता. तिची अंगे दोन : मानसिक (हरण्याची धास्ती, लक्ष विचलित होणे) व शारीरिक (धडधड, घाम, स्नायूंचा ताठरपणा).

मानसशास्त्रज्ञ यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे असा नियम रूढ झाला, की उत्तेजन वाढते तशी कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते व नंतर घसरते. काम जितके नाजूक, तितकी ही मर्यादा खालची. क्रीडामानसशास्त्रज्ञ हानिन यांच्या मते प्रत्येक खेळाडूची अनुकूल पातळी वेगळी असते. हार्डी व फेझी या क्रीडामानसशास्त्रज्ञांच्या प्रतिमानानुसार मानसिक चिंता तीव्र असताना उत्तेजन वाढत गेले, तर कामगिरी एकाएकी कोसळते.

कामागणिक उत्तेजनाची मर्यादा बदलते, हा फरक वऱ्हाडात आखाड्यात दिसतो. अमरावती-अकोल्याच्या पैलवानाला झटापटीत चढलेला जोश उपयोगी पडतो. दोरीच्या मल्लखांबात मात्र पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत दोर पकडावा लागतो. तेथे घामेजलेला तळवा वा रोखलेला श्वास पकड बिघडवतो.

दीर्घ श्वसन, मनातल्या मनात उजळणी, ठरलेला पूर्वक्रम व प्रेक्षकांसमोर सराव हे चिंतेवरील उपाय आहेत. नवख्यांची भीती भित्रेपणा न मानता प्रशिक्षणाचा विषय मानणे, ही प्रशिक्षकाची जबाबदारी होय.