सेकंड लँग्वेजचा तास

मॅट्रिक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, असं आजोबा-पणजोबांच्या गोष्टी ऐकून आपण धरून चाललेलो असतो. मुळात ती शाळेची परीक्षा नव्हतीच. ती होती मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. शाळेनं मुलाला शिकवायचं, तयार करायचं, फॉर्म भरून पाठवायचं. प्रश्न काढणार, तपासणार आणि आत घ्यायचं की नाही ते ठरवणार विद्यापीठ. पुढे मॅट्रिक झालेल्याला कचेरीत कारकुनी मिळू लागली आणि दाराचा उंबरठाच लोकांना घर वाटू लागला. 'नॉन-मॅट्रिक' हा शब्द मराठीत रुळला तो त्यानंतर.

विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. नमुना लंडन विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः न शिकवता फक्त परीक्षा घेणारं विद्यापीठ. पहिली मॅट्रिक झाली १८५९ साली. बसले १३२, पास झाले २२. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या बावीस जणांतले. १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे: रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे.

या पहिल्या तुकडीला कोणी 'तयारी' करून घेतली नव्हती. परीक्षाच नवी, मागच्या वर्षांचे पेपर कुठून आणणार? तयारी हा स्वतंत्र उद्योग झाला तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत, आणि त्याला वळण दिलं ते विद्यापीठाच्या एका निर्णयानं.

सुरुवातीला इंग्रजीच्या जोडीची दुसरी भाषा म्हणून संस्कृत, फारसी, लॅटिन यांच्या बरोबरीनं मराठी, गुजराती, कानडीही घेता येत असत. १८६० च्या दशकात विद्यापीठानं वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या आणि अभिजात भाषा बंधनकारक केली. देशी भाषांत अभ्यासण्याजोगं वाङ्मय कुठे आहे, असा एकूण सूर. मराठीला विद्यापीठात परत जागा मिळावी म्हणून रानड्यांनी नंतर कितीतरी वर्षं खटपट केली, एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठी आली ती १९०१ मध्ये.

शाळेतल्या मुलाच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ होता. कॉलेजात जायचं तर संस्कृत किंवा फारसी हवी, आणि ती मॅट्रिकच्या वर्षी सुरू करून भागत नाही. तेव्हा आधी मराठी यत्ता करायच्या, मग इंग्रजी पहिलीपासून सुरुवात, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. सेकंड लँग्वेज निवडायची वेळ मध्येच कुठेतरी, इंग्रजी चौथीच्या आसपास येई. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा. 'संस्कृत घेणारे इकडे, फारसी घेणारे तिकडे' असं म्हणत मास्तर वर्ग फोडत, आणि पोरं पाट्या-पुस्तकं उचलून आपापल्या खोलीत जात. कॉलेजची वाट त्या दिवशी फुटायची, परीक्षा अजून तीन-चार वर्षं लांब असताना.

त्यात भर पडली एका शिष्यवृत्तीची. जगन्नाथ शंकरशेट १८६५ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. विद्यापीठाच्या स्थापनेसाठी झटलेल्या माणसाचं हे उचित स्मारक. पण तिचा दरारा देणगीदारालाही अंदाज नसेल इतका वाढला. मुलाची ओळख 'शंकरशेट स्कॉलर' अशी करून दिली जाई आणि ऐकणाऱ्याला आणखी काही विचारावं लागत नसे. जुन्या शाळांच्या दालनांत या मुलांची नावं मिरवणारे लाकडी फलक अजून दिसतात. शाळेची पत त्या फलकावर ठरे.

पुस्तकंही आली. भांडारकरांनी रत्नागिरीच्या हायस्कुलात हेडमास्तरकी केली होती; शाळकरी मुलाला संस्कृत शिकवायचं तर पंडिती पद्धत उपयोगाची नाही, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांचं संस्कृतचं 'पहिलं पुस्तक' आणि 'दुसरं पुस्तक' पिढ्यान्‌पिढ्या चाललं. थोडं व्याकरण, मग वाक्यं, मग इंग्रजीतून संस्कृतात उलटी वाक्यं, असा त्याचा क्रम. पाठशाळेत बारा वर्षं घोकून जे यायचं त्यातलं परीक्षेपुरतं तीन-चार वर्षांत हाती येऊ लागलं.

मग १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक, थोड्याच दिवसांत वामन शिवराम आपटे, पाठोपाठ आगरकर. राष्ट्रीय शिक्षणाची भाषा या मंडळींच्या तोंडी होती आणि ती मनापासूनची होती. पण पालक मुलं पाठवत होते ते शाळेचा मॅट्रिकचा निकाल पाहून, यात शंका घेण्याचं कारण नाही. आपट्यांचं संस्कृत रचनेवरचं इंग्रजी 'स्टूडंट्स गाइड' १८८१ चं, म्हणजे शाळा निघाल्याच्या पुढच्याच वर्षीचं. ज्या आपट्यांना आज आपण कोशकार म्हणून ओळखतो ते वर्गात मुलांच्या वह्या तपासणारे मास्तर होते, आणि त्यांच्या कोशांच्या पाठीमागे परीक्षेला बसणारा मुलगा उभा आहे, हे विसरलं जातं. याच मंडळींनी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज काढलं. आधी उंबरठा ओलांडायला शिकवायचं, मग आतलं घर बांधायचं.

ज्यांच्या गावात असली शाळा नव्हती त्यांची तयारी पायांपासून सुरू होई. १८७५ सालची गोष्ट. मुरूडचा सतरा वर्षांचा धोंडो केशव कर्वे आणि त्याचे सोबती सहावीच्या सरकारी परीक्षेला निघाले. ही मॅट्रिक नव्हे, मराठी शाळेनंतरची नोकरीच्या दाखल्याची परीक्षा. पण यंत्रणा त्याच घडणीची. हवा बिघडलेली, समुद्रमार्गानं मुंबई गाठणं जमेना. तेव्हा पोरांनी ठरवलं, साताऱ्याला जाऊ, चालत. खांद्यावर बोचकी, पाऊस, कुंभार्ली घाट, शंभर मैलांहून जास्त वाट, चार दिवस. साताऱ्यात कमिटीपुढे उभं केल्यावर साहेबांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलं, वय विचारलं. सतरा सांगितल्यावर विश्वास बसेना. परीक्षेला बसू दिलं नाही. परीक्षा पुढच्या वर्षी, कोल्हापूरला. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. पुढे मुलींसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढणाऱ्या माणसाला परीक्षेचा पहिला धडा मिळाला तो उंची आणि चेहरा पाहून.

मुलींचं सांगायचं तर मुंबई विद्यापीठाचं दार त्यांना १८८३ पर्यंत बंदच होतं. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकल्या, पदवी परीक्षेत वरच्या क्रमांकानं आल्या. त्या क्रमांकाच्या मुलाला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळे. त्यांना मिळाली नाही, कारण त्या मुलगी होत्या. पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू झाली ती १८८४ साली.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं, त्यात उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चावर कोरडे ओढलेले आहेत, हे सर्वांना माहीत असतं. त्यातच एक बारीक मुद्दा आहे तो सहसा कोणी सांगत नाही. शाळेत न जाता खासगी रीतीनं मॅट्रिकला बसू देण्याची विद्यापीठाची सवलत फुल्यांना मोलाची वाटत होती, आणि ती वरच्या परीक्षांनाही मिळावी अशी त्यांची मागणी होती. वर्गात कोण कुठे बसतो आणि कोणाला बसू दिलं जात नाही, हे पाहिलेल्या माणसाचीच ही मागणी.

सेकंड लँग्वेजच्या तासाला काय होई, याची दोन चित्रं शेजारी ठेवण्याजोगी आहेत. पहिलं राजकोटचं. सहाव्या यत्तेतल्या मोहनदास गांधी या मुलाला संस्कृत जड जाऊ लागलं. मास्तर कडक, पाठांतर फार. शेजारच्या खोलीतले फारसीचे मास्तर मवाळ, अशी मुलांत बोलवा. एक दिवस तो जाऊन फारसीच्या वर्गात बसला. संस्कृतचे मास्तर दुखावले. त्यांनी बोलावून घेतलं, वैष्णवाच्या मुलानं आपल्या धर्माची भाषा सोडावी का म्हणून विचारलं, अडेल तिथे माझ्याकडे ये म्हणाले. मुलगा लाजून परत आला. १८८७ मध्ये तो मॅट्रिकला बसला. केंद्रं दोन, मुंबई आणि अहमदाबाद. काठियावाडातल्या गरीब घरांना अहमदाबाद जवळचं आणि स्वस्त. राजकोटहून तिथवरचा तो त्याचा पहिला प्रवास, तोही एकट्यानं.

दुसरं चित्र वीसेक वर्षांनंतरचं. भीमराव आंबेडकरांना संस्कृतच घ्यायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला मास्तर तयार नव्हते. त्यांना फारसीच्या वर्गात जावं लागलं. राजकोटच्या मुलाला ज्या खोलीतून परत बोलावलं गेलं, त्याच खोलीत या मुलाला ढकललं गेलं.

घरी परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यात स्वयंपाक, जळण, माणसं; झोपायला जागा नाही. वडील रामजी सकपाळ रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत. उशाशी जातं, पायाशी शेळी, मिणमिणता रॉकेलचा दिवा, आणि पहाटेपर्यंत वाचन. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत आणि गहाण टाकत. मॅट्रिकच्या तयारीचा खर्च महाराष्ट्रात बऱ्याच घरांनी असाच काढला आहे, पण बहुतेकांच्या मुलांपुढे दोन्ही खोल्यांची दारं उघडी होती.

आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. आज टक्केवारी काढून नाक मुरडणाऱ्यांनी पहिल्या परीक्षेचे १३२ आणि २२ आठवावेत. चाळीतल्या लोकांनी सभा भरवली, सी. के. बोले अध्यक्ष, कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. केळुसकर मास्तरांना हा मुलगा बागेत वाचत बसलेला दिसे, तिथून ओळख झालेली. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांपर्यंत त्यांनीच नेलं. बी.ए.ला विषय इंग्रजी आणि फारसी. शंकरशेट शिष्यवृत्तीचा प्रश्नच नव्हता; ती संस्कृतची होती.

पाच वर्षांनी, १९१२ मध्ये, त्याच एल्फिन्स्टन हायस्कुलातून चिंतामण द्वारकानाथ देशमुख विद्यापीठात पहिले आले आणि शंकरशेट स्कॉलर झाले. रायगडाच्या पायथ्याकडच्या मुलुखातला हा मुलगा पुढे केंब्रिजला गेला, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिला आला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. संस्कृत सुटलं नाही: मेघदूताचं मराठी पद्य रूपांतर त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या हुशारीविषयी दुमत कोणाचंच नसे. फक्त त्या फलकावर नाव लागण्यासाठी हुशारीच्या आधी काय लागत होतं, ते त्याच शाळेच्या पाच वर्षं जुन्या हजेरीपटात दिसतं. आंबेडकरांनी संस्कृत नंतर स्वतःच्या बळावर शिकून घेतलं. १९५०-५१ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळात एक कायदामंत्री होते, दुसरे अर्थमंत्री.

मॅट्रिक गेली. १९४८ च्या कायद्यानं एस.एस.सी. परीक्षा मंडळ आलं, परीक्षा विद्यापीठाच्या हातून निसटली, १९७५ मध्ये अकरावीची दहावी झाली. डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेशासाठी वेगळ्या परीक्षा निघाल्या आणि त्यांच्या 'फाउंडेशन'च्या जाहिराती आता आठवीतल्या मुलांच्या पालकांना गाठतात. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला शंकरशेट शिष्यवृत्ती मात्र दहावीलाही मिळत राहिली.

आणि आठवीत, जून महिन्यात, वर्गात अजून एक कागद फिरतो. संपूर्ण संस्कृत, संयुक्त संस्कृत, संपूर्ण हिंदी. एकावर खूण करून पालकांची सही आणायची. 'संस्कृत घे, स्कोअरिंग आहे,' असं घरी सांगितलं जातं. दुसऱ्या दिवशी बाई कागद गोळा करतात आणि वर्ग दोन खोल्यांत फुटतो.