वाल्डोक्कोचे अंगण : डॉन बॉस्को यांच्या कार्याची पहिली अठरा वर्षे

उत्तर इटलीतील तुरीन हे शहर १८४० च्या दशकात सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होते. राजा कार्लो अल्बेर्तो यांच्या कारकिर्दीत जुन्या शहराबाहेर नव्या वस्त्या आणि रस्ते होत होते, लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात पोचली होती, आणि या बांधकामांना लागणारे मनुष्यबळ आल्प्सच्या पायथ्याची खेडी, बिएल्ला आणि वाल्सेसिया हे डोंगराळ प्रदेश, तसेच शेजारचे लोम्बार्डी येथून हंगामी येत असे. या लोंढ्यात दहा-बारा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुले मोठ्या संख्येने असत. कोणी गवंड्याच्या हाताखाली चुना-विटा वाहणारा, कोणी दगड घडवणारा, कोणी फरसबंदी करणारा, कोणी धुराडी झाडणारा. आजच्या अर्थाने ‘रस्त्यावरची मुले’ म्हणावे असे यांतील थोडेच होते. बहुतेकांना आठवड्यातले सहा दिवस काम होते आणि कुठल्यातरी माळ्यावर झोपण्यापुरती जागाही होती. नव्हता तो रविवारी जाण्याजोगा ठिकाणा आणि विचारपूस करणारे माणूस.

कॅथलिक चर्चची व्यवस्था भौगोलिक असते. प्रत्येक वस्तीचे एक धर्मग्रामचर्च असते, तेथील धर्मगुरू वस्तीतील कुटुंबांची नोंद ठेवतो, आणि मुलांना कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या रूपात बांधलेले प्राथमिक धर्मशिक्षण, देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. चार महिन्यांपुरता आलेला, दर हंगामात खोली बदलणारा पोरगा या नोंदवहीत कुठेच बसत नसे. पुढे तुरीनच्या काही धर्मगुरूंनी, आपल्या चर्चमधील मुले हा तरुण पुरोहित पळवतो अशी तक्रार केली तेव्हा, ही मुले परगावची आहेत आणि आपण कोणत्या चर्चच्या हद्दीत राहतो हेही त्यांना ठाऊक नाही, असे उत्तर त्यांना मिळाले.

हा तरुण पुरोहित म्हणजे जोव्हान्नी बॉस्को. इटलीत धर्मगुरूच्या नावामागे ‘डॉन’ हे आदरवाचक उपपद लावण्याची रीत असल्याने ते डॉन बॉस्को या नावाने जगभर ओळखले गेले. १६ ऑगस्ट १८१५ रोजी कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की या वाडीत त्यांचा जन्म झाला. वडील ते दोन वर्षांचे होण्याआधीच वारले आणि आई मार्गेरिता ओक्किएना हिने शेतीवर मुले वाढवली. शिक्षणासाठी त्यांना परक्याच्या शेतावर गडी म्हणून राबावे लागले, शिंप्याच्या हाताखाली शिवण शिकावी लागली आणि किएरी गावात एका कॉफीगृहात रात्री-अपरात्री काम करावे लागले. ५ जून १८४१ रोजी पुरोहितदीक्षा मिळाल्यानंतर ते तुरीनच्या ‘कॉन्व्हित्तो’मध्ये, म्हणजे नवदीक्षित पुरोहितांना प्रत्यक्ष कामाचे पुढील शिक्षण देणाऱ्या संस्थेत, दाखल झाले. तेथील अध्यापक जुझेप्पे काफास्सो हे तुरुंगांतील कैद्यांना नियमित भेटत आणि आपल्या विद्यार्थ्यालाही बरोबर नेत. धडधाकट अंगाची पोरे तुरुंगातून सुटतात आणि काही दिवसांत पुन्हा तेथेच येतात, याचे कारण बाहेर त्यांचे कोणीच नसते, हा निष्कर्ष डॉन बॉस्को यांनी या भेटींतून काढला. पुढील सर्व उद्योगाचे बीज तुरुंगातील या निरीक्षणात आहे.

परंपरेने मात्र या कार्याची जन्मतिथी ८ डिसेंबर १८४१ अशी ठरवली आहे. त्या दिवशी संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाच्या चर्चमधील वस्त्रगृहात बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा अनाथ गवंडी शिरला, चर्चच्या सेवकाने त्याला मारून हाकलले, डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावून ममतेने चौकशी केली आणि तिथल्या तिथे पहिला धडा दिला, अशी ही कथा आहे. ती डॉन बॉस्को यांच्याच आठवणींत येते. पण या आठवणी पोप नववे पायस यांच्या सांगण्यावरून १८७३ पासून पुढे, म्हणजे तीस वर्षांनी, लिहिल्या गेल्या आणि छापल्या गेल्या त्या तर १९४६ मध्ये. त्यांनीच १८५४ मध्ये लिहिलेल्या छोट्या टिपणात गारेल्लीचे नाव नाही. धर्मशिक्षणाची अत्यंत गरज असलेले दोन तरुण आले, एवढाच उल्लेख आहे. म्हणून ही घटना काल्पनिक ठरत नाही, परंतु वयोवृद्ध संस्थापकाने आपल्या शिष्यांसाठी आरंभाला एक चेहरा आणि एक तारीख दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. शिवाय या क्षेत्रात ते पहिलेही नव्हते. जोव्हान्नी कोक्की या धर्मगुरूंनी तुरीनच्या वांकिल्या या गरीब वस्तीत अशा मुलांसाठी १८४० मध्येच एक ऑरेटरी काढली होती. ऑरेटरी म्हणजे मुळात प्रार्थनेची जागा. परंतु सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी प्रार्थना, संगीत आणि सहल यांची जी सांगड घातली, तिच्यापासून रविवारी मुलांना एकत्र आणण्याच्या उपक्रमालाही हे नाव मिळत गेले.

१८४१ ते १८४४ या काळात मुलांची संख्या वाढत गेली आणि वस्त्रगृहाला लागून असलेली जागा अपुरी पडू लागली. १८४४ मध्ये डॉन बॉस्को यांना बारोलोच्या मार्केझा जुलिया यांनी वाल्डोक्को भागात चालवलेल्या स्त्रियांच्या आश्रमात धर्मगुरूचे काम मिळाले आणि तेथील एका बांधत्या इस्पितळातील दोन खोल्यांत त्या वर्षीच्या ८ डिसेंबरला ऑरेटरीचे पहिले प्रार्थनास्थळ सुरू झाले. त्याला सौम्य स्वभावासाठी ख्यात असलेले सतराव्या शतकातील बिशप संत फ्रान्सिस द साल यांचे नाव देण्यात आले. डॉन बॉस्को यांनी पुढे स्थापन केलेल्या धर्मसंघाचे ‘सालेशियन’ हे नाव त्यावरूनच आले. पुढचे दीड वर्ष अक्षरशः बिऱ्हाड पाठीवर घेऊन काढावे लागले. संत पीटर यांच्या नावाच्या दफनभूमीच्या चर्चमध्ये मुलांचा कल्लोळ सहन न होऊन मनाई झाली. डोरा नदीवरच्या पिठाच्या गिरण्यांजवळील चर्चमध्येही शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे मुक्काम टिकला नाही. मग मोरेत्ता नावाच्या गृहस्थाच्या घरातील भाड्याच्या खोल्या, आणि त्या गेल्यावर एक उघडे कुरण. या भटकंतीतच, १८४५ च्या हिवाळ्यात, मोरेत्तांच्या घरी रात्रीचे वर्ग सुरू झाले. कामावरून परतलेल्या मुलांना वाचन, लेखन आणि हिशेब शिकवला जाई, आणि राज्यात दशमान मापनपद्धती १८५० पासून लागू व्हायची होती म्हणून डॉन बॉस्को यांनी तिच्यावर एक सुबोध पुस्तकही लिहिले. मजुरी मापावर ठरत असलेल्या मुलांच्या दृष्टीने हे ज्ञान कोणत्याही सद्बोधाइतकेच मोलाचे होते.

१२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्डोक्कोतच फ्रान्चेस्को पिनार्दी यांच्या घरामागची पडवीवजा शेड मिळाली. छत इतके खाली होते की आत उभे राहता यावे म्हणून जमीन खोदून घ्यावी लागली. पण शेडपेक्षा महत्त्वाचे होते ते सभोवतीचे अंगण. इतर धर्मगुरू धर्मशिक्षणानंतर मुलांना घरी पाठवीत. येथे दिवसभर खेळ चाले, धर्मगुरू स्वतः मुलांबरोबर धावत, आणि शिस्तीचा मुख्य आधार शिक्षा नसून मोठ्या माणसाची सततची उपस्थिती हा असे. या पद्धतीला डॉन बॉस्को यांनी १८७७ च्या एका निबंधात ‘प्रतिबंधक पद्धती’ असे नाव देऊन विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन आधारांवर तिची मांडणी केली. सिद्धांत तीस वर्षांनी आला. अंगण आधी होते.

शहराच्या कारभाऱ्यांना हे अंगण धोक्याचे वाटणे साहजिक होते. पोलिसी अधिकार हाती असलेले नगराधिकारी मार्क्विस मिकेले दि काव्हूर, म्हणजे पुढे इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार ठरलेल्या कामिल्लो काव्हूर यांचे वडील, यांनी शेकडो मजूर पोरांचा जमाव बंद करण्याचा प्रयत्न केला आणि शिपाई पाळतीवर ठेवले. राजाच्या अनुकूलतेमुळे हे प्रकरण मिटले. त्याच सुमारास काही सहकारी पुरोहितांनाही डॉन बॉस्को यांच्या बुद्धीविषयी शंका येऊ लागली होती. १८४६ च्या उन्हाळ्यात अतिश्रमाने ते मरणाच्या दारात जाऊन आले, गावी विश्रांती घेतली आणि ३ नोव्हेंबरला परतले ते आईला बरोबर घेऊन. अठ्ठावन्न वर्षांच्या या निरक्षर शेतकरी बाईने पुढील दहा वर्षे, १८५६ मधील मृत्यूपर्यंत, स्वयंपाक, शिवण आणि भाजीचा वाफा सांभाळला. रात्री आसरा दिलेले पहिले पाहुणे पांघरुणे घेऊन पसार झाले. तरीही १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजत आलेल्या वाल्सेसियाच्या एका अनाथ मुलाला स्वयंपाकघरात अंथरूण मिळाले आणि वसतिगृहाची सुरुवात झाली. संस्थेच्या इतिहासात संस्थापकाच्या नावाने भरलेली पाने पाहता या बाईच्या वाट्याला मान थोडाच आला, असे म्हणावे लागते.

१८४८-४९ हा राजकीय उलथापालथीचा काळ होता. राज्यघटना आली, ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले, आणि कोक्की यांनी देशभक्तीच्या भरात आपली मोठी मुले थेट रणांगणाच्या वाटेवर नेली. या युद्धात नोव्हारा येथे सार्डिनियाचा पराभव झाल्यानंतर त्यांची ऑरेटरी बंद पडली आणि ती चालवण्याची जबाबदारी डॉन बॉस्को यांच्याकडे आली. त्यांनी स्वतः राजकारणापासून दूर राहण्याचे ठरवले होते, ज्यामुळे काही सहकारी त्यांना सोडून गेले. ही तटस्थता सर्व बाबतींत नव्हती. घटनेबरोबर नागरी हक्क मिळालेल्या वाल्डेन्सियन या प्रॉटेस्टंट पंथाविरुद्ध त्यांनी आवेशाने लेखन केले, आणि मुलांच्या उद्धाराच्या कामाला पंथस्पर्धेची धार होती हे नाकारण्यात अर्थ नाही.

या काळातील दोन दस्तऐवज सहसा दुर्लक्षित राहतात, पण त्यांचे मोल डॉन बॉस्को यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारकथांहून पुष्कळ अधिक आहे. पहिला म्हणजे १८५० मधील परस्पर साहाय्य मंडळाची नियमावली. सभासद मुलाने दर रविवारी एक सोल्डो, म्हणजे लिराचा विसावा भाग, वर्गणी द्यायची आणि आजारी पडल्यास किंवा काम सुटल्यास त्याला दररोज अर्धा लिरा मिळायचा. दया घेणाऱ्या पोराला या नियमाने वर्गणीदार केले. दुसरा दस्तऐवज म्हणजे उमेदवारीचे करारनामे. मध्ययुगापासून चालत आलेल्या कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे धंद्याचे नियम आणि उमेदवारांचे हक्क ठरवणारे संघ, सार्डिनियाच्या राज्यात १८४४ मध्ये रद्द झाले होते, आणि धंदा शिकायला आलेला मुलगा पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून होता. १८५१ च्या नोव्हेंबरात एका काचकामगाराशी आणि १८५२ च्या फेब्रुवारीत एका सुताराशी डॉन बॉस्को यांनी सरकारी मुद्रांकित कागदावर करार केले. मालकाने मुलाला धंदाच शिकवावा, घरकामाला जुंपू नये. चूक झाल्यास शब्दाने सुधारावे, हात उचलू नये. सणावारी सुटी द्यावी, वर्षातून काही दिवसांची रजा द्यावी, आणि मजुरी ठरल्या क्रमाने वाढवत न्यावी. मुलानेही आज्ञेत राहण्याचे वचन दिलेले असे. मालक, मुलगा, पालक आणि धर्मगुरू अशा सर्वांच्या सह्या असलेल्या या कागदाने भटक्या पोराला कायद्याच्या दृष्टीने एक पक्षकार बनवले, आणि आरंभीच्या कार्यातील सर्वांत नवी गोष्ट कोणती असे विचारल्यास बोट याच कागदावर ठेवावे लागेल.

करार करूनही शहरातील कारखान्यांतले वातावरण मुलांना मानवेना, म्हणून १८५३ मध्ये घरातच चांभारकाम आणि शिवणकाम सुरू झाले. त्यानंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, आणि १८६१-६२ च्या सुमारास छापखाना व लोहारकाम यांची भर पडली. पिनार्दी यांचे घर १८५१ मध्ये विकत घेण्यात आले. त्यासाठी तत्त्वज्ञ आन्तोनिओ रोस्मिनी यांच्या संघाकडून वीस हजार लिरांचे कर्ज मिळाले, काफास्सो यांनी भर घातली, आणि तेथील नव्या चर्चच्या बांधकामासाठी सोडत काढून पैसा उभा केला गेला. १८५४ च्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये कॉलरा आला तेव्हा नगरपालिकेला शुश्रूषेसाठी माणसे मिळेनात. त्या वेळी येथील चव्वेचाळीस मुले पुढे आली, आणि ज्या पोरांना शहर उपद्रव समजत होते त्यांच्याविषयीचे लोकमत यामुळे पालटले.

याच वर्षांत कार्याचे रूप मात्र हळूहळू बदलत होते. १८५४ मध्ये दोमेनिको साव्हिओ यांच्यासारखा अभ्यासू मुलगा आला, तसे अनेक येऊ लागले. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कारागीर मुलांपेक्षा वाढत गेली आणि ऑरेटरी ही निवासी शाळेच्या अंगाने जाऊ लागली. माणसे टिकवायची तर संघ हवा, आणि संघ घडवायचा तर शिकलेले तरुण हवेत, हे कारण रास्त होते. परंतु त्याची किंमत गवंड्याच्या पोरांनी मोजली, हेही तितकेच खरे. १८५५ मध्ये राज्याने अनेक मठ आणि धर्मसंघ बरखास्त करणारा कायदा केला होता, त्यामुळे नव्या संघाची रचना अशी ठेवण्यात आली की सभासदांचे नागरी हक्क आणि खाजगी मालमत्ता अबाधित राहील. १८ डिसेंबर १८५९ रोजी डॉन बॉस्को यांच्या खोलीत जमलेल्या अठरा जणांनी या संघाची स्थापना केली, आणि डॉन बॉस्को सोडले तर त्यांतील बहुतेक विशीच्या आसपासचे, त्याच घरात वाढलेले होते.

सालेशियन धर्मगुरू भारतात प्रथम १९०६ मध्ये तंजावूरला आले आणि १९२८ मध्ये मुंबईत. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा शहरातील नामांकित शाळांत गणली जाते. रेल्वेस्थानकांवर आणि रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी याच संघाने चालवलेला निवारा तिथून जवळच, वडाळ्यात आहे. विद्यार्थी आणि कामकरी पोरे ही वाल्डोक्कोत एकाच छपराखाली असलेली विभागणी मुंबईत दोन वेगळ्या पत्त्यांवर गेली आहे.