युद्धकालीन जर्मन मार्गदर्शक यंत्रे : एक अस्सल साधन

मराठी इतिहाससंशोधनाला साधनचिकित्सेची शिस्त लागली ती अस्सल कागद आणि बखर यांतील भेद ओळखल्यापासून. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, त्यामागे हीच दृष्टी होती. अर्वाचीन युद्धांच्या इतिहासात कागदाखेरीज आणखी एक अस्सल साधन हाती येते. ते म्हणजे प्रत्यक्ष यंत्र. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांची रेडिओ-मार्गदर्शक यंत्रे आज अनेक हौशी संग्राहक जमवितात. या संग्रहाचे इतिहासदृष्ट्या मोल काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

ही यंत्रे ज्या अडचणीतून जन्मली ती आपल्या किनाऱ्यालाही परिचित आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की विमानसेवा पुण्याला हलवावी लागे. ढगांत वैमानिकाला धावपट्टी दाखवावी कशी, या प्रश्नाचे एक उत्तर बर्लिनच्या लोरेन्झ कंपनीने त्याच दशकात दिले. धावपट्टीच्या रेषेत रेडिओ-झोत सोडीत. एका बाजूस भरकटलेल्या वैमानिकाला टिंबांचा स्वर ऐकू येई, दुसऱ्या बाजूस रेघांचा. मध्यरेषेवर दोन्ही मिसळून अखंड स्वर उमटे.

विमान सुखरूप उतरविणारी ही योजना पुढे बाँबफेकीस जुंपली गेली. युद्धाच्या आरंभकाळी ब्रिटनमध्ये पाडलेल्या हाइन्केल १११ विमानातील ग्राहकयंत्र फार्नबरो येथे तपासण्यात आले. त्यात काही वेगळेपण आहे काय, असे आर. व्ही. जोन्स या शास्त्रज्ञाने विचारता तज्ज्ञाने सांगितले, की विमान उतरविण्यास आवश्यक त्याहून ते पुष्कळच अधिक संवेदनक्षम आहे. अर्थात दूरवरचा झोत पकडणे हा त्याचा खरा हेतू होता. २१ जून १९४० च्या रात्री ब्रिटिश विमानाने ३१.५ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येवर तो झोत शोधून काढला. ‘क्निकेबाइन’ या सांकेतिक नावाआड जे दडले होते, ते यंत्राच्या घडणीने उघड केले.

दुसरे उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे. ६ नोव्हेंबर १९४० रोजी ‘एक्स-गेरेट’ हे अधिक अचूक यंत्र बाळगणारे एक हाइन्केल इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेस्ट बे येथे उतरले आणि भरतीच्या पाण्यात सापडले. त्यातील यंत्राचा स्वरगाळक २००० हर्ट्झवर जुळविलेला आढळला. ब्रिटिशांचे व्यत्ययस्वर मात्र १५०० हर्ट्झचे होते, म्हणून ते जर्मनांच्या कानी पोहोचतच नव्हते. १४ नोव्हेंबरच्या रात्री कोव्हेंट्रीत पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही हकीकत जोन्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत येते. आठवणी या एका अर्थी बखरच होत. तेव्हा कोव्हेंट्रीच्या नाशाचे सारे खापर या एका आकड्यावर फोडणे धाडसाचे होईल. त्या रात्री आकाश निरभ्र होते व लख्ख चांदणे होते, हेही ध्यानी घ्यावे लागते. परंतु गाळकाची जुळणी ही यंत्रातच मोजता येणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच असे यंत्र आठवणींच्या कसोटीचे साधन ठरते.

मात्र ही साक्ष फार नाजूक असते. युद्धानंतर अशी कितीतरी यंत्रे मोडीत निघाली. हौशी रेडिओचालकांनी काहींची कंपनसंख्या बदलली, काहींचे सुटे भाग काढून घेतले. आजचा संग्राहकही यंत्र बोलके करण्याच्या उत्साहात जुने भाग टाकून नवे बसवितो. यंत्र बोलू लागते, पण ते आता त्याची स्वतःची साक्ष देत नाही. ताम्रपटावरील झिजलेले अक्षर कोणी नव्याने कोरून ठेवावे, तसाच हा प्रकार. यंत्राचा प्रकार, मागणीक्रमांक आणि निर्मात्याची सांकेतिक अक्षरे दर्शविणारी पट्टी, मूळ जुळणी व प्राप्तिस्थानाची नोंद ही तीन अंगे राखली तरच संग्रहातील वस्तूला ऐतिहासिक साधनाची योग्यता येते.

हा नियम केवळ यूरोपापुरता नाही. पालघरच्या उत्तरेस याच किनारपट्टीवर बिलिमोरा येथे, तसेच वेरावळ व ध्रांगध्रा येथे, विसाव्या शतकाच्या अखेरीस लोरान-सी या मार्गदर्शक पद्धतीची साखळी उभारली गेली. तिची परंपरा अमेरिकन, जर्मन नव्हे. परंतु उपग्रहांनी मागे सारलेल्या अशा यंत्रांचा इतिहास उद्या ज्याला लिहावयाचा आहे, त्याला कागदाइतकीच यंत्रेही लागतील. राजवाड्यांच्या पिढीने वाण्याच्या पुड्यांत जाणारे दप्तर वाचविले. आपल्या पिढीसमोर भंगारात जाणारे दप्तर आहे.