स्प्रेडशीट, संकेतस्थळ आणि परीक्षकाची कसोटी

- प्रतिनिधी

स्प्रेडशीटमध्ये बेरीज अचूक आली, म्हणजे विद्यार्थ्याला स्प्रेडशीट वापरता येते, असे समजण्याचा मोह कोणालाही व्हावा. परीक्षकाला मात्र तसे समजून चालत नाही. आकडा कॅल्क्युलेटरवर काढून चौकटीत नुसता टाइपही करता येतो. छापील कागदावर दोन्ही उत्तरे सारखीच दिसतात. शालेय संगणक परीक्षांमध्ये प्रात्यक्षिक कौशल्य कसे तपासावे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

या प्रश्नाचे सर्वाधिक तपशीलवार उत्तर केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान या विषयाने (सांकेतांक ०४१७) दिले आहे. मुंबई-पुण्यातील आंतरराष्ट्रीय शाळांमुळे ही परीक्षा आपल्याकडील पालकांनाही आता परिचित आहे. २०२३पासून लागू झालेल्या आराखड्यात लेखी परीक्षेला ४० टक्के, तर दोन प्रात्यक्षिकांना प्रत्येकी ३० टक्के भारांश आहे. त्यांतील दुसरे प्रात्यक्षिक, म्हणजे तिसरी प्रश्नपत्रिका, केवळ स्प्रेडशीट आणि संकेतस्थळ निर्मितीसाठी आहे. वेळ सव्वादोन तास, गुण ७०. विद्यार्थ्याला तयार फायली दिल्या जातात, सूचना क्रमाने पाळायच्या असतात आणि केलेल्या कामाचे पुरावे एका दस्तऐवजात जमा करायचे असतात.

सूत्र दाखवा, मग गुण

‘पुरावा’ हा या परीक्षेतील कळीचा शब्द. स्प्रेडशीटची प्रत दोनदा मागितली जाते. एकदा उत्तरांसह आणि एकदा सूत्रांसह. दुसऱ्या प्रतीत विद्यार्थ्याचा विचार उघड होतो. समजा, सवलतीचा दर बी१ या चौकटीत आहे आणि पन्नास वस्तूंच्या किमतींवर तो लावायचा आहे. पहिल्या ओळीतील सूत्र खाली ओढत नेले, की बी१चे बी२, बी३ होत जाते आणि सारी उत्तरे बिघडतात. चौकटीच्या नावात डॉलरचे चिन्ह घालून ती स्थिर करावी लागते. हे ज्याला कळले त्याला स्प्रेडशीटचा गाभा कळला, असे म्हणण्यास हरकत नाही. दर सूत्रातच आकड्याने लिहिला, तर आजचे उत्तर बरोबर येते. पण दर बदलला की तक्ता निरुपयोगी ठरतो.

दशांश स्थळांचेही तसेच. चौकटीत दोनच स्थळे दिसावीत अशी मांडणी करणे वेगळे आणि ‘राउंड’ वापरून मूळ संख्याच पूर्णांकित करणे वेगळे. दिसायला फरक नाही. पुढच्या गुणाकारात मात्र तो पैशांपर्यंत पोहोचतो. शोधसूत्रे, एकात एक गुंफलेल्या अटी यांची पारख याच पद्धतीने होते. गंमत म्हणजे, सूत्र पूर्ण बरोबर असूनही स्तंभ पुरेसा रुंद न केल्याने ते छपाईत अर्धवट कापले जाते आणि गुण हातचे जातात. जे दिसत नाही त्याला परीक्षक गुण देऊ शकत नाही.

संकेतस्थळाच्या बाबतीत आशय, सादरीकरण आणि वर्तन असे तीन स्तर मानले जातात. मजकूर एचटीएमएलमध्ये, रंग-टंक वेगळ्या सीएसएस फाइलमध्ये. पान सुबक दिसते का, एवढेच पाहिले तर तयार साच्यावर बेतलेले पानही बाजी मारील. म्हणून ब्राउझरमधील चित्राबरोबर मूळ संहिताही मागितली जाते. सर्वांत बोलकी चूक असते चित्राच्या पत्त्याची. विद्यार्थी स्वतःच्या संगणकावरील पूर्ण मार्ग लिहून ठेवतो; त्याच्यासमोर चित्र दिसते, दुसऱ्या संगणकावर रिकामी चौकट उरते.

घरचा अभ्यास की परीक्षा?

वेळेच्या बंधनातील परीक्षेपेक्षा दीर्घ प्रकल्प अधिक न्याय्य, असे अनेक शिक्षक मानतात, आणि त्यात तथ्य आहे. प्रत्यक्ष जीवनात कोणी सव्वादोन तासांत संकेतस्थळ बांधत नाही. परंतु इंग्लंडचा अनुभव सावध करणारा आहे. तेथे जीसीएसई संगणकशास्त्रात २० टक्के गुण प्रोग्रॅमिंगच्या प्रकल्पाला होते आणि त्यासाठी २० तास मिळत. प्रकल्पाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इंटरनेटवर खुलेआम फिरू लागल्यावर ‘ऑफक्वाल’ या नियामक संस्थेने जानेवारी २०१८मध्ये ते गुण अंतिम श्रेणीत न धरण्याचा निर्णय जाहीर केला. प्रामाणिकपणे काम केलेल्या मुलांचे श्रमही त्यात वाहून गेले, ही त्या निर्णयाची दुखरी बाजू.

आपल्याकडे सीबीएसईच्या दहावीच्या ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ विषयात लेखी व प्रात्यक्षिक यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात ८० गुणांची परीक्षा थेट संगणकावर होते, तर प्रात्यक्षिकाला २० गुण. मात्र संगणकावर परीक्षा घेणे म्हणजे संगणकाचे कौशल्य तपासणे नव्हे. रिकाम्या जागा आणि योग्य पर्याय पाठांतरानेही साधतात. तुटलेला दुवा शोधून तो जोडणे पाठांतराने साधत नाही.

शाळेतल्या शाळेत ही पारख करायची तर फार साधने लागत नाहीत. स्प्रेडशीटमधील एक आकडा शिक्षकांनी बदलावा आणि खालची बेरीज हलते का ते पाहावे. संकेतस्थळाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन शेजारच्या संगणकावर उघडावा. दोन्ही कामांना मिळून पाच मिनिटेही पुरतात.