डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे : फिजिशियन असिस्टंट

गेल्या खेपेस मुलीकडे म्युनिकला असताना मिस्टरांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. दाखल होण्याआधी चौकशीला एक तरुण मुलगा बसला. मिस्टर त्याला सारखे ‘डॉक्टर, डॉक्टर’ म्हणत होते. त्याने हसून छातीवरची पाटी दाखवली : फिजिशियन असिस्टंट. जन्म वॉर्डात गेला, पण हे पद मला नवीनच.

हा पेशा मूळचा अमेरिकेतला. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग काढला. आपल्याकडे १९९२ मध्ये मद्रासला डॉ. के. एम. चेरियन यांनी असा कोर्स सुरू केला. जर्मनीत तो २००५ पासून आहे, पदवीचा. डॉक्टरांच्या दवाखान्यात नाव नोंदवणारी, रक्त काढणारी मदतनीस ती वेगळी.

हा असिस्टंट पेशंटची हकिगत लिहून घेतो, प्राथमिक तपासणी करतो, रिपोर्ट जमवतो, जखम बघतो, ऑपरेशनमध्ये सर्जनला हात देतो. पण निदान, उपचाराचा निर्णय आणि ऑपरेशनचे धोके समजावून सांगणं हे डॉक्टरनेच करायचं. तिथल्या डॉक्टरांच्या शिखर संस्थेने २०१७ साली हे लिहून ठेवलंय. म्हणून संमतीच्या कागदावर सही करण्याआधी ‘डॉक्टर कुठे आहेत?’ असं खुशाल विचारावं. त्यात उद्धटपणा नाही.

मुलगी दुभाषी होती. गोळ्या कुठल्या? मिस्टर म्हणाले, ‘बीपीची एक.’ मुलाचं समाधान झालं नाही. सकाळी काय? रात्री काय? मुंबईहून आणलेली पाकिटं दाखवा. पिशवी उघडली तर रक्त पातळ करणारी गोळी निघाली! आपल्याकडचं नाव त्याला कळेना, म्हणून त्याने पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचलं. रोज ती गोळी मीच हातावर ठेवते, आणि मी नर्स असून गप्प बसले होते. फाईलमध्ये असेलच, असं धरून चालले.

‘बंद करू का?’ मी विचारलं. ‘ते डॉक्टर ठरवतील,’ म्हणाला आणि लगेच डॉक्टरांना घेऊन आला. ऑपरेशनची तारीख पुढे गेली. चिकाटीने विचारणं आणि आपली हद्द ओळखणं, मला तर या कामात हेच मोठं वाटतं. तेव्हापासून पर्समध्ये मिस्टरांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं ठेवते.

ऑपरेशननंतर जखम बघायला तोच मुलगा आला. मिस्टर त्याला अजून डॉक्टरच म्हणत होते.