लिनक्सवरच्या फायली कुणाच्या भरवशावर?

आता आपण २०१४ सालाकडे येऊ. कॅनॉनिकलनं २ एप्रिलला जाहीर केलं, 'उबंटू वन' बंद. १ जूनला सेवा थांबली, फायली उतरवून घ्यायला मुदत ३१ जुलैपर्यंत. घरचीच म्हणावी अशी सेवा, तीच गेली! उरला ड्रॉपबॉक्स. गूगल ड्राइव्हनं लिनक्ससाठी अधिकृत अ‍ॅप कधी दिलंच नाही. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये ड्रॉपबॉक्सनंही ईएक्सटी-४ सोडून बाकी फाइल सिस्टीमना दार लावलं. २०१९ मध्ये बीटीआरएफएससारख्या काहींना परत घेतलं, ते वेगळं.

म्हणून 'किती जीबी फुकट?' हे आपण शेवटी विचारू. आधी विचारू, सर्व्हर बदलता येतो का? २०१६ मध्ये कार्लिचेक ओनक्लाउडमधून बाहेर पडले, तेव्हा कोड मुक्त होता म्हणूनच त्यातून नेक्स्टक्लाउड उभं राहिलं. ते आपल्या मशीनवर चालवता येतं. रात्री बंद पडलं तर उठायचं मात्र आपणच.