डोव्हरचें चूर्ण आणि मिश्र अफू-औषधांची मात्रा

अफूचा उल्लेख चरक किंवा सुश्रुत यांच्या संहितांत नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत मात्र अहिफेन हें ‘व्यवायी’, म्हणजे पचनापूर्वींच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याचें उदाहरण म्हणून दिलें आहे. रसवाचक ग्रीक ‘ओपिऑन’ शब्दावरून अरबी ‘अफ्यून’ झाला, व त्याचेंच संस्कृत रूप ‘अहिफेन’ होय. सर्पाच्या फेसाशीं त्याचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा, असें आमचें मत आहे. हें द्रव्य इतर औषधांत मिसळून देण्याची रीत जुनी आहे. तींतील धोका कोठें असतो, हें एका प्रसिद्ध चूर्णाच्या इतिहासावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थॉमस डोव्हर हा इंग्रज वैद्य. सेल्कर्क नामक खलाशाची निर्जन बेटावरून १७०९ सालीं सुटका करणाऱ्या सफरींत तो अधिकारी होता. १७३२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें वातरक्तावर एक चूर्ण सांगितलें: अफू, इपिकॅकचें मूळ व ज्येष्ठमध प्रत्येकीं १ औंस, सोरा व पोटॅशियम सल्फेट प्रत्येकीं ४ औंस. मात्रा ४० पासून ६०-७० ग्रेन. म्हणजे एका वेळीं साडेतीन ते सहा ग्रेन अफू पोटांत जाई. तें घेण्यापूर्वीं मृत्युपत्र करून ठेवा, असें औषधविक्रेते रोग्यांस सांगत, हें डोव्हरनेंच नमूद केलें आहे. पुढें दहा ग्रेन चूर्णांत एक ग्रेन अफू असें प्रमाण रूढ झालें. इपिकॅक हें वांतिकारक असल्यानें मात्रा फार वाढविल्यास तें आपलें अस्तित्व जाणवून देई.

आजच्या गोळ्यांत अफूवर्गीय कोडीन किंवा ट्रॅमाडॉल यांच्या जोडीस पॅरासिटामॉल असतें. दोहोंचे मार्ग भिन्न असल्यानें अफूवर्गीय औषध कमी पुरतें, हा गुण खरा. परंतु येथील सोबती मुका आहे. निरोगी प्रौढासहि दिवसाकाठीं ४,००० मिलिग्रॅमहून अधिक पॅरासिटामॉल यकृतास घातक ठरूं शकतें, आणि पहिल्या दिवशीं बहुधा कांहींच जाणवत नाहीं. याच कारणास्तव २०११ सालीं अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें अशा मिश्र गोळींत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपर्यंतच ठेवण्यास उत्पादकांस सांगितलें.

गतवर्षीं कंबरेच्या दुखण्यावर आम्हांस अशी गोळी मिळाली होती. त्याच आठवड्यांत सर्दीची गोळीहि आम्ही आपल्याच बुद्धीनें घेत होतों. दोन्ही वेष्टनांवर पॅरासिटामॉल छापलेलें होतें. पोथींतील पाठभेद भिंगानें पाहणाऱ्या आम्हीं तीं अक्षरें वाचलीं नव्हतीं! डॉक्टरांनीं विचारल्यावर चूक कळली. सुदैवानें बाधा झाली नाहीं.

मिश्रणांतील प्रमाण बांधलेलें असतें. एक घटक वाढविला कीं दुसराहि वाढतो. म्हणून वेदना शमली नाहीं तरी गोळी आपण होऊन वाढवूं नये, डॉक्टरांस विचारावें. घरांतील सर्व औषधांचे घटक वाचून बेरीज करावी. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेऊं नयेत, कारण त्यांनीं श्वास मंदावतो. रोगी हाक मारून जागा होत नसेल, किंवा ओठ निळे पडत असतील, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. फार दिवस घेतलेली गोळी एकाएकीं बंद करूं नये, दुसऱ्यास देऊं नये, व मुलांच्या हातीं लागेल अशी ठेवूं नये.

डोव्हरच्या रोग्यांस विक्रेता तरी सावध करीत असे. आज तें काम वेष्टनावरील बारीक अक्षरें करतात. तीं वाचणें एवढेंच आपल्याकडे उरतें.